तेरचे टेकाड आणि पदवीचा वर्ग

महाराष्ट्रातील पदवीच्या वर्गात जो शिकवतो तो बहुधा अभ्यासक्रम ठरवत नाही, जो अभ्यासक्रम ठरवतो तोच प्रश्नपत्रिका काढतो असे नाही, आणि जो उत्तरपत्रिका तपासतो त्याने त्या विद्यार्थ्याला कधी पाहिलेलेही नसते. या विभागणीचे मूळ १८५७ मध्ये सापडते. त्या वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर, म्हणजे केवळ परीक्षा घेऊन पदवी देणारी संस्था म्हणून. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांकडे राहिले आणि परीक्षेच्या किल्ल्या विद्यापीठाच्या कनवटीला. लंडनने पुढे आपली घडण बदलली आणि मुंबईनेही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्वतःचे अध्यापन-विभाग उघडले, तरी संलग्नतेची चौकट मात्र टिकून राहिली, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले तेव्हा तीच त्याच्याही वाट्याला आली. उच्च शिक्षणातील अध्यापन सुधारण्यासाठी गेल्या तीन-चार दशकांत जगभर तीन मार्गांची चर्चा झाली: अध्यापनालाच संशोधनाचा विषय करणे, तंत्रज्ञान वापरणे आणि विद्यार्थ्याला शिकवण्याच्या कामात भागीदार करून घेणे. या तिन्हींचा मराठी मुलखातील हिशेब वरील चौकट बाजूला ठेवून मांडता येत नाही. तो येथे धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाच्या आधाराने मांडला आहे; कारण विद्यापीठीय ज्ञान कसे तयार होते आणि वर्गात पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, यांतील अंतर तेरला जितके स्पष्ट दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसते.

तेरणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात, पेरिप्लसमध्ये, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे आणि तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरापर्यंत जात असल्याचे नोंदलेले आहे, तर शिलाहार राजे पुढे कित्येक शतके ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवीत राहिले. तरीही हे तगर नेमके कोठे, यावर एकोणिसाव्या शतकातील विद्वानांचे एकमत नव्हते. कोणी जुन्नर पुढे केले, कोणी दौलताबाद, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा कल धारूरकडे होता. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेर म्हणजेच तगर असे प्रतिपादन केले, आणि पाठोपाठ हेन्री कझेन्स यांनी प्रत्यक्ष पाहणी करून येथील विटांच्या त्रिविक्रम मंदिराचा मागचा अर्धवर्तुळाकार भाग मूळच्या बौद्ध चैत्याचा असावा असे मत मांडले. पुढच्या काळात बा. ना. चापेकर, शां. भा. देव आणि इतरांनी येथे उत्खनने केली. गावाची मात्र स्वतःची एक वेगळी परंपरा आहे. पांढरीच्या टेकाडांवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखाडी मातीच्या उंचवट्यांवर, पावसानंतर उघड्या पडणाऱ्या मणी, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती, हस्तिदंती वस्तू गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केल्या आणि त्या हजारो वस्तूंच्या संग्रहातून आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्यातील एका स्त्री-प्रतिमेचे साम्य १९३८ मध्ये पॉम्पेईच्या अवशेषांत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी दाखवले जाते. आणि तशाच शैलीची प्रतिमा जालना जिल्ह्यातील भोकरदनला १९७३ मध्ये मिळाली, ती मराठवाडा आणि नागपूर या दोन विद्यापीठांच्या संयुक्त उत्खननात.

एवढ्या ऐवजात शिकण्यासारखे काय आहे, तर फ्लीटचा निष्कर्ष नव्हे, तो कसा निघाला ही वाट. दहा दिवसांच्या वाटेचे अंतर कसे मोजायचे, तगरचे तेर हा ध्वनिबदल कितपत पटतो, अर्धवर्तुळाकार पाठ असलेले मंदिर मुळात बौद्धच असले पाहिजे का, उत्खननात थरासह मिळालेली वस्तू आणि टेकाडावरून वेचलेली वस्तू यांच्या पुराव्याचे वजन सारखे धरायचे का, हे प्रश्न अजूनही जिवंत आहेत. परीक्षेच्या वहीत मात्र त्यांचे एक वाक्य होते: तेर हे सातवाहनकालीन व्यापारी केंद्र होते, गुण दोन. ज्ञानाचा निकाल तेवढा वर्गात येतो आणि खटला बाहेर राहतो, आणि यात शिक्षकाचा दोष धरणे अन्याय्य आहे, कारण खटला शिकवला तर त्याला गुण देणारा रकानाच प्रश्नपत्रिकेत नसतो. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया यांनी नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात जे उत्खनन केले त्यात विद्यार्थी खणत, मोजत, नोंदवत शिकले, आणि पुरातत्त्वाची एक पिढी त्यातून घडली. पण ती पदव्युत्तर संशोधन संस्था होती आणि परीक्षेचा गाडा तिच्या छातीवरून जात नव्हता.

हा खटला वर्गात आणण्याच्या प्रयत्नालाच जागतिक चर्चेत एक नाव मिळाले. अमेरिकेतील कार्नेगी प्रतिष्ठानाचे अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये असे मांडले की नवे शोधणे एवढीच विद्वत्ता नव्हे. शोध एकत्र गुंफणे, ते व्यवहारात लावणे आणि शिकवणे हीदेखील विद्वत्तेचीच रूपे आहेत. त्याआधी १९८६ मध्ये ली शुलमन यांनी दाखवून दिले होते की विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे सर्वसाधारण कौशल्य यांच्या पलीकडे तिसऱ्या प्रकारचे एक ज्ञान असते: त्या विशिष्ट विषयात विद्यार्थी कोठे अडखळतो, कोणता दाखला कामी येतो आणि कोणता उलट गोंधळ वाढवतो. हे ज्ञान अनुभवी शिक्षकाजवळ असते, पण ते त्याच्याबरोबरच निवृत्त होते. ते नोंदवणे, पुराव्याने तपासणे आणि सहकाऱ्यांपुढे टीकेसाठी ठेवणे म्हणजे अध्यापनाचा शोधाभ्यास. भौतिकशास्त्रात याची फळे लवकर दिसली. हार्वर्डचे एरिक माझुर यांना आढळले की किचकट गणिते सोडवणारे विद्यार्थी बलाविषयीच्या साध्यासुध्या प्रश्नांवर फसतात. मग त्यांनी व्याख्यान थांबवून विद्यार्थ्यांनी शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून देण्याची पद्धत सुरू केली. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६,५४२ विद्यार्थ्यांच्या निकालांची तुलना प्रसिद्ध केली, आणि २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन व सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातील २२५ अभ्यास एकत्र केले तेव्हा निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के आणि विद्यार्थी काही करत असलेल्या वर्गांत २१.८ टक्के निघाले. हे आकडे बोलके असले तरी त्यांतील विद्यार्थी बहुतांशी आपल्या रोजच्या भाषेतच शिकणारे होते, ही गोष्ट त्यांचा दाखला देताना सहसा सुटते.

मराठवाड्यात ती सुटून चालत नाही. तेर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजीऐवजी उर्दू माध्यम स्वीकारून त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले, हा भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा आणि गंभीर प्रयोग होता. परंतु मराठी घरातून गेलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने एका परक्या भाषेच्या जागी दुसरी आली, इतकाच त्याचा अर्थ. त्याच सुमारास, १९१६ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले ते मातृभाषेतून शिकवण्याच्या आग्रहानेच. आज मराठवाड्यात कला शाखेत मराठी आहे, विज्ञानात कागदोपत्री इंग्रजी आहे, आणि प्रत्यक्ष तासाला दोहोंची सरमिसळ चालते: समजावणे मराठीत, वहीत उतरवून घेणे इंग्रजीत, आणि परीक्षेला पाठांतर. ही तिसरी पायरी दुसरीतूनच जन्मते. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकापासून शाळांच्या पातळीवर जे काम केले, विशेषतः जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या प्रकल्पात आणि वंचित समाजातील मुलांबरोबर मुंबईत, त्यातून पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा हाच विज्ञानाच्या वाटेतील एक धोंडा असल्याचे पुढे आले. महाविद्यालयीन पातळीवर या धाग्याचा पाठपुरावा फारच तोकडा झाला. परिभाषा कोश झाले, विद्यापीठीय ग्रंथनिर्मितीसाठी मंडळ झाले, परंतु कोशातला शब्द वर्गात वापरला असता विद्यार्थ्याला अधिक समजते की कमी, हे तपासण्याचे काम कोणाचेच नव्हते.

शोधाभ्यासाची ठसठशीत उदाहरणे महाराष्ट्रात आहेत ती बहुतेक पवईची. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत संगणक प्रोग्रॅमिंगच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा आणि मग सर्वांपुढे मांडणी अशी पद्धत वापरली गेली, आणि सहना मूर्ती, श्रीधर अय्यर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गातील वर्तनाची निरीक्षणे नोंदवून २०१३ मध्ये दाखवले की विद्यार्थी सरासरी ८३ टक्के प्रमाणात कामात गुंतलेले राहतात. पद्धतीला खर्च नाही, यंत्र लागत नाही, ती तालुक्याच्या महाविद्यालयातही चालावी. तेथे ती रुजत नाही याची कारणे शिक्षकाच्या आळसात शोधण्यापेक्षा त्याच्या नेमणुकीच्या आदेशात शोधावीत. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासागणिक मानधनावर, नेमलेल्या प्राध्यापकाला पुढच्या सत्रात आपण असू की नाही हे ठाऊक नसते. एकाच अभ्यासक्रमावर दोन-तीन वर्षे निरीक्षणे ठेवण्याची चैन त्याला परवडणारी नाही. कायम प्राध्यापकासाठी २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदोन्नतीचे गुणांक आणले, आणि शोधनिबंधांच्या संख्येला भाव आल्याबरोबर आयएसएसएन क्रमांक छापलेल्या नियतकालिकांचे आणि परिसंवादांच्या जाडजूड स्मरणिकांचे पीक आले. स्वतःच्या वर्गातील चुकांचा प्रामाणिक आलेख मात्र त्या पिकात क्वचितच उगवला. २०१८ च्या नियमांनी हे गुणांक मागे घेतले, पण शिकवण्याच्या अभ्यासाला मान कसा द्यायचा हा प्रश्न तसाच उरला.

मूल्यमापनाचा विषय आला की तेरचे दुसरे नाव घ्यावे लागते. हे संत गोरा कुंभारांचे गाव. त्यांची समाधी येथे आहे. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि तक्रार करणाऱ्या नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा मराठी घरांत सर्वश्रुत आहे. तिच्यातील एक तपशील शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने विशेष आहे. थापटणे हे मुळात परीक्षेचे हत्यार नाही. ओल्या मडक्याला आतून आधार देऊन बाहेरून थापटत त्याची भिंत पातळ आणि एकसारखी करण्याचे ते साधन आहे. मराठी शिक्षणव्यवहारात ज्याला आकारिक मूल्यमापन म्हणतात, म्हणजे शिकणे चालू असतानाच त्याला आकार देण्यासाठी केलेली तपासणी, तिचे याहून नेमके चित्र सापडणे अवघड आहे. आणि सत्राच्या शेवटी एकदाच केले जाणारे ते संकलित मूल्यमापन. कथेतही निकालावर सारे थांबत नाही: कच्चे ठरलेले नामदेव विसोबा खेचरांकडे शिकायला जातात. आजच्या महाविद्यालयातील अंतर्गत गुणांची कल्पना मुळात आकारिक होती. व्यवहारात सबमिशनच्या शेवटच्या दिवशी एकमेकांच्या वह्यांवरून उतरवलेले जर्नल आणि त्यावरची झरझर सही असे तिचे रूप झाले, कारण ६० टक्के किंवा ८० टक्के गुण ज्या बाहेरच्या परीक्षेला आहेत तिच्याकडेच शिक्षकाचे आणि विद्यार्थ्याचे डोळे लागलेले असतात. थापटणे हाती आहे, पण आतून आधार द्यायला दुसरा हात मोकळा नाही.

तंत्रज्ञानाचा इतिहास सांगताना बहुधा उत्साह जास्त आणि हिशेब कमी असतो. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे उच्च शिक्षणाचे कार्यक्रम दूरदर्शनवर इन्सॅट उपग्रहामार्फत दिसू लागले. ते मुख्यतः इंग्रजीत होते आणि दुपारी दूरचित्रवाणी संच लावून बसण्याची सोय असणाऱ्यांसाठी होते. २००३ पासून भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांची ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने उपलब्ध झाली, २०१७ मध्ये स्वयम् हे शासकीय व्यासपीठ आले. या सर्वांत उत्तम व्याख्यान दूरवर नेण्याची सोय झाली, यात शंका नाही. परंतु ज्या पद्धतीच्या मर्यादा वर पाहिल्या तीच पद्धत त्यांनी अधिक लांब पोहोचवली. तुलनेने कमी झगमगीत, पण अधिक परिणामकारक ठरलेले तंत्रज्ञान नाशिकचे आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली, शिक्षक समोर नसताना एकट्याने वाचून शिकता येतील अशी मराठी पुस्तके तयार केली: लहान घटक, प्रत्येक घटकात वाचकाला अडवणारे प्रश्न, आणि जवळचे अभ्यासकेंद्र. अशा पुस्तकाच्या लेखकाला वाचक कोठे अडेल याचा आधीच अंदाज बांधावा लागतो, म्हणजे शुलमन यांनी सांगितलेले तिसरे ज्ञान कागदावर आणावे लागते. छापील पान हेही तंत्रज्ञानच आहे, याचा विसर संगणकाच्या काळात सोयीस्करपणे पडला.

मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत वर्ग मोबाईलवर गेले तेव्हा उरलेसुरले झाकण उडाले. शिक्षक कोऱ्या चौकोनांशी बोलत राहिले आणि विद्यार्थी रेंजसाठी गच्ची किंवा शेताचा बांध शोधत राहिले. २०२२ च्या अखेरीस मजकूर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वांच्या हाती आली आणि विद्यार्थी आता स्वतः लिहिणार नाहीत अशी हाकाटी झाली. ज्या व्यवस्थेत गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि उतरवलेले जर्नल यांच्यावर पिढ्या पदवीधर झाल्या, तिने हा धक्का बसल्याचा आव आणावा हे काहीसे गमतीचे आहे. यंत्राला सहज लिहिता येईल असा प्रश्न यंत्र येण्याआधीही फारसा विचारण्याजोगा नव्हता. याउलट त्रिविक्रम मंदिराच्या विटेची लांबी, रुंदी, जाडी आणि वजन जागेवर मोजून काढलेले टिपण यंत्र शेजारच्या तुळजापूर तालुक्यात बसून देऊ शकत नाही आणि कॅलिफोर्नियात बसूनही नाही.

तुळजापूरकडे आणखी एका कारणाने पुढे परत यायचे आहे; त्याआधी तिसरा मार्ग. विद्यार्थी-भागीदारी या कल्पनेची मांडणी ब्रिटन-अमेरिकेत मुख्यतः २०१४ च्या आसपास झाली. मिक हीली आणि सहकाऱ्यांचा अहवाल, तसेच ॲलिसन कुक-सॅदर, कॅथी बोव्हिल व पीटर फेल्टन यांचे पुस्तक त्याच वर्षीचे. विद्यार्थी अभ्यासक्रम आखताना, वर्गाचे निरीक्षण करताना आणि संशोधन करताना शिक्षकाच्या बरोबरीने बसेल, दोघांच्या भूमिका वेगळ्या पण मान सारखा, असा तिचा आशय. येथे भागीदारी आणि अभिप्राय यांत गल्लत होऊ नये. राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेच्या व्यवस्थेत गुणवत्ता हमी कक्षावर विद्यार्थी प्रतिनिधी असतो आणि विद्यार्थी-समाधानाची प्रश्नावलीही भरून घेतली जाते, परंतु समाधान विचारले जाते ते ग्राहकाला. मराठवाड्यातील विद्यार्थी ग्राहक म्हणून कधीच गप्प बसलेला नाही. १९७४ चे विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी पेटवले. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याच्या विधिमंडळाच्या २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतचा संघर्ष, ज्याची मोठी किंमत दलित वस्त्यांनी चुकवली, हा विद्यापीठ कोणाचे या प्रश्नावरचाच संघर्ष होता. एवढी राजकीय जाण असलेल्या प्रदेशात विद्यार्थ्यांची ताकद शुल्क, शिष्यवृत्ती, परीक्षेच्या तारखा यांवर खर्च झाली आणि तासाला काय चालते, हा प्रश्न आंदोलनाचा विषय झाला नाही, हे नवल आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुकांची जागा गुणवत्तेवरच्या नेमणुकांना दिली आणि २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली. या दोन्हींत विद्यार्थी प्रतिनिधी आहे, अभ्यासातला भागीदार नाही.

अशा भागीदारीच्या जवळ जाणारी रूपे जिल्ह्यातच पाहायला मिळतात. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८६ पासून तुळजापूरला ग्रामीण केंद्र चालवले आहे, आणि समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य हे तोंडी लावण्यापुरते नसते. विद्यार्थी आठवड्यातील ठरावीक दिवस गावात काम करतो, नोंदी लिहितो आणि त्या नोंदींवर मार्गदर्शकाशी समोरासमोर बोलतो, त्यामुळे गावाविषयी शिक्षकाला ठाऊक नसलेले काही तरी विद्यार्थ्याला ठाऊक होते आणि बोलणे दुहेरी होते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानाची दिशाही तीच: मिलिंद सोहोनी यांच्या पुढाकाराने तंत्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांनी पाणीपुरवठा योजनांसारखे आपल्याच परिसरातील प्रश्न अभ्यासावेत आणि त्याचे गुण मिळावेत. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. उत्तर आधी कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे शिक्षकाला परीक्षकाच्या खुर्चीतून उठावेच लागते.

एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीच्या नव्या रचनेत क्षेत्र-प्रकल्प आणि लोकसहभागाचे श्रेयांक घातले. श्रेयांक म्हणजे ठरावीक तासांच्या कामाचे माप, आणि अशा कामाचा एक श्रेयांक साधारणपणे ३० तासांचा धरतात. दोन श्रेयांकांच्या ६० तासांत तेरला बरेच काही होऊ शकते. येथील जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, हे गावात सारे सांगतात. मातीत भाताचे तूस मिसळले असावे आणि भट्टीत ते जळून विटेत पोकळ्या राहिल्या असाव्यात, असा त्याचा अर्थ लावला जातो. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी तुसाचे प्रमाण बदलत नव्या विटा भाजून त्यांची घनता काढू शकतो, इतिहासाचा विद्यार्थी त्रिविक्रम, उत्तरेश्वर आणि कालेश्वर या तिन्ही देवळांच्या विटांची मापे घेऊ शकतो, मराठीचा विद्यार्थी गावातील कुंभारांकडून माती, आवा आणि चाकाचे शब्द उतरवून घेऊ शकतो. हे काम करायला परवानगीच्या दोन पत्रांपलीकडे काही लागत नाही. अडचण पुढे आहे: या टिपणांचे पुढे काय होते. सध्या बांधलेला प्रकल्प-अहवाल विभागाच्या कपाटात जातो, गुणांची यादी विद्यापीठाला जाते आणि पुढच्या वर्षीची तुकडी पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करते. लामतुरे यांचा संग्रह वाढला तो एकेका पावसाळ्यातली वेचणी आधीच्या वेचणीशेजारी मांडली गेली म्हणून. मागच्या तुकडीच्या मोजमापातील चूक पुढच्या तुकडीने दाखवायची असेल तर ती वही संग्रहालयात किंवा ग्रंथालयात नोंदवून ठेवावी लागेल, तिच्यावर मुलांची नावे लागतील, आणि ती उघडून पाहण्याला अभ्यास मंडळाने अभ्यासक्रमाच्या पहिल्या घटकात जागा द्यावी लागेल.